मोठ्या आईची पोपटी भिंत

मले एका जाग्यावर बसता येत नाई. हे आधीच सांगून टाकतो, म्हंजे पुढचं सारं तुमाले समजून जाईन. जेवाले बसलो का एक पाय हालतच रायते. मोठी आई म्हने, "पाय नको हालवू रे बाप्पा, दळिद्र येते." दळिद्र आलं नाई, सिनेमा आला. दोघात लय फरक हाय असं मले आजवर दिसलं नाई.

शाया सातवीत सुटली. मी शाया सोडली का शायेनं मले सोडलं, यावर आमच्या गावात अजून एकमत नाई. नांदगाव खंडेश्वरच्या बाजूले आमचं गाव. मी लहान असतानीच माय गेली, बाप दिवसभर वावरात. मंग मले वाढवलं मोठ्या आईनं, म्हंजे बापाच्या मोठ्या भावाच्या बायकोनं. तिले सोताचं लेकरू नवतं, म्हनून मी होतो. त्यात तिचा फायदा झाला असं गावात कोनीच म्हनत नाई.

अमरावतीले आलो अन् राजापेठेत एका फोटो स्टुडिओत लागलो. पयले दोन वर्स लगनात नुसता लाइट धरला. तो लाइटबी नवरदेवावर कमी अन् पंगतीवर जास्त पडे, कारन मी तिकडंच पाहो. मंग हातात कॅमेरा आला, अन् मायी खोड कॅमेऱ्यातबी गेली. एका लगनात मंगलाष्टकं सरत आली होती. सारे अक्षता घेऊन उभे. तेवढ्यात मायी नजर मांडवाच्या कोपऱ्यात गेली. तिथी एक बुढा चपलांच्या ढिगाजवळ बसून, डोये मिटून, एकटाच हसून रायला होता. मी कॅमेरा तिकडं फिरवला. काय हसू होतं बावा ते! इकडं हार पडले, बँड वाजला, लगन लागून गेलं. आठ दिवसांनं नवरीच्या बापानं व्हिडिओ पाहला अन् मले बलावून इचारलं, "भाऊ, लगन कोनाचं होतं? या बुढ्याचं?"

त्या दिवशी मालकाले समजलं का हा पोट्टा लगनाच्या कामाचा नाई. मले समजलं का मी सिनेमाच्या कामाचा हाय. मालकाचा अंदाज बरोबर निंगाला. मायाबद्दल अजून पक्कं सांगता येत नाई.

तरी लगनं सुटली नाईत. पोट लगनावर चाले, अन् सिनेमा लगनाच्या मधात. इकडं आमी सारे सिनेमावाले लगनाचेच शूटिंगवाले. आमचं कॅलेंडर म्हंजे पंचांग. ज्या दिवसात लगन नाई, साखरपुडा नाई, बारसं नाई, दुकानाचं उद्घाटन नाई, त्याच दिवसात आमचा सिनेमा होते. असे सलग दिवस वर्सातून दोनदाच भेटतात, पितृपक्षात अन् पौषात. ज्या दिवसात लोकं नवा झाडूबी घेत नाई, त्या दिवसात आमी सिनेमाचा नारळ फोडतो. मायी गत पाहून तुमी म्हनसान का म्हनूनच असं झालं. गावातल्या बायाबी हेच म्हनतात.

कथा मी लिवत नाई, बोलतो. हातानं दोन ओळी लिवल्या का पाय उठून चालाले लागतात. म्हनून मोटरसायकल चालवता चालवता मोबाइलमधी बोलतो, अन् घरी आलो का बायको ते ऐकून वहीत उतरवते. ते एका ट्युशन क्लासमधी शिकवते, अक्षर मोत्यावानी. एक डाव म्हनली, "अहो, तुमचा हा मानूस तीन पानं बोलून रायला. श्वास कधी घेनार हाय तो?" मी म्हनलं, "मूर्तिजापूरजवळ घेतला असन, तिथी ट्रकचा हॉर्न हाय पाह्य." पडद्यावर 'लेखक' म्हनून नाव मायं येते. हे तुमाले पटत नसन त बरोबर हाय, मलेबी पटत नाई. पन नाव काढत बी नाई.

त ज्या सिनेमाचं सांगून रायलो, त्याच्या कथेत एक माय होती. तिचा पोरगा शहरात जाते अन् येतच नाई. तो गेला त्या दिवशी घर जसं होतं तसंच ते ठेवते. बाज हालवत नाई, भिंत पुसत नाई. वर्सं जातात. शेवटी पोरगा येते, त्या कायपटलेल्या भिंतीले डोकं टेकते अन् रडते. पोराचं काम मीच करनार होतो. नवा शर्ट घेतला होता. आरशासमोर रडून पाहलं होतं. बायको म्हने, "दाढ दुखल्यावानी दिसून रायले."

मायचं काम मोठ्या आईले देल्लं, अन् घर बी तिचंच. तिच्या समोरच्या खोलीची भिंत म्हंजे माया सिनेमाचा हिरो. चुलीच्या धुरानं पार तांबडी-कायी झालेली. मधात मोठ्या बाबाच्या डोक्याच्या तेलाचा गोल डाग. मोठा बाबा, म्हंजे तिचा नवरा, जिता होता तवा रोज सांजीले तिथीच टेकून बसे. डागाच्या बाजूनं खियांची भोकं, कुकवाची बोटं पुसलेली, वर जुन्या फोटोच्या चौकटीचा पांढरा चौकोन. माया कॅमेरावाला दोस्त अकोल्याचा. त्यानं भिंत पाहली अन् कॅमेरा खालीच ठेवला. म्हनला, "अबे, हिले मेकप लागत नाई. मुंबईवाले अशी भिंत कराले आठ दिवस घेतात."

पितृपक्षात दहा दिवस शूटिंग केलं. मोठी आई तर उपजतच कलाकार. तिले कॅमेरा समजेच ना, म्हनून ते भ्यायेच ना. बाजीवर बसून शेंगा सोले, दाराकडं पाहे, उठून पानी पिये. दोस्त हळूच म्हने, "हे बाई पापनी बी खरी हालवते बे." अन् माया आवाज मधात येऊन जाये. लगनाची सवय. चांगला शॉट रंगात आला का तोंडातून निंगे, "हां, इकडं पाहा, थोडं हसा." सत्रा शॉट मी असे हसवून मारले. पोराची वाट पायता पायता ते बिचारी माय एकाएकी कॅमेऱ्याकडं पाहून दात दाखवे.

पितृपक्ष सरला. राहिलेला अर्धा सिनेमा पौषात कराचा ठरलं. निंगताना दोस्त म्हनला, "पौषात पूरा कराच लागते बावा. त्याच्यानंतर मी नाई. भावाच्या पायपाच्या दुकानावर बसून रायलो, कॅमेराबी देऊन टाकून रायलो एकाले." म्हंजे हा पौष गेला का सिनेमा गेला. दुसरा कॅमेरा नाई, दुसरा दोस्त नाई, अन् उभ्या वऱ्हाडात दुसरी तशी भिंत नाई. मी तिले बजावून सांगतलं, "मोठे आई, आमी येईपर्यंत घर असंच ठेवजो बरं का." ते म्हनली, "हो रे बाप्पा, चिंता नको करू."

तुयशीच्या लगनानंतर मानसांची लगनं सुरू झाली. एक दिवस अमरावती, दुसऱ्या दिवशी अकोला, तिसऱ्या दिवशी कौंडण्यपूरले वर्धा नदीच्या काठानं प्री-वेडिंग. तिथी नवरदेव-नवरीले "थोडं मांगं सरका" म्हनता म्हनता मीच मांगं सरकलो अन् नदीत गेलो. नवरी इतकी हसली का त्याच्यापुढचे सारे फोटो चांगले आले. पन डोक्यात सारखी भिंतच. बडनेऱ्याच्या पुलावर गाडी थांबली का भिंत दिसे. बायको म्हने, "झोपीत बी पाय हालून रायला तुमचा."

पौष लागला. आमी लाइट, कॅमेऱ्याची तिपाई, सारं घेऊन गावात गेलो. मोठी आई दारात उभी. नवं लुगडं, केसाले तेल, तोंडावर असं हसू का जसा मी लगनाचा नवरदेव.

आत पाय ठेवला. भिंत पोपटी.

साधी पोपटी नाई. ऑइलपेंट. चमकनारी. दोस्ताचं तोंड दिसे तिच्यात. धूर गेला, भोकं गेली, मोठ्या बाबाचा डाग गेला. खालून गुडघाभर चॉकलेटी पट्टा अन् वरून पोपटी. दोस्त बाजीवर बसला अन् म्हनला, "दिवाळी."

फक्त तेवढंच म्हनला तो. पितृपक्ष अन् पौषाच्या मधात दिवाळी येते. लहान लेकराले मालूम हाय. पंचांगावर पोट भरनाऱ्या मानसाले मालूम नवतं. मी सारे मुहूर्त पाहले होते, सन पाहलाच नाई.

मी आरडलो. माया बापावर कधी आरडलो नाई तेवढं तिच्यावर आरडलो. "तुले सांगतलं होतं ना घर असंच ठेव म्हनून! सत्यानाश केला तू! दहा दिवसाची मेहनत गेली! काही समजते का तुले?" दारात शेजारच्या बाया उभ्या होत्या. त्यायच्यासमोर. मोठी आई चुलीजवळ गेली. पदरानं हात पुसले, चहाचं भांडं चुलीवरून उतरवून ठेवलं अन् शेजारीनीकडं जाऊन बसली. दोन दिवस घरी आलीच नाई. सैपाक करून पाठवे, तेबी दुसऱ्याच्या हातानं. भाजीत तिखट तेवढंच, तेल तेवढंच, फक्त ते नाई. मी घास गियो अन् पाय हालवो.

आता सिनेमाले भिंतबी नाई अन् मायबी नाई. पौषाचे दिवस चालले. मी म्हनलं, मायचं मंग पाहू, आधी भिंत कायी करू. चहाचं पानी मारलं, ऑइलपेंटवरून ते घसरून खाली आलं. चुलीची राख तेलात कालवून फासली, त भिंतीवर म्हैस लोयल्यावानी झालं. दोस्त म्हनला, "सोड बे." पन सोडाची मले आदतच नाई. आवारातल्या तुराट्या आनल्या, खोलीच्या मधात टोपल्यात पेटवल्या अन् दार लावून घेतलं. इचार असा का तीस वर्साचा धूर एका दुपारी बसून जाईन.

धूर भिंतीवर नाई बसला, आमच्यावर बसला. कवलातून निंगाला तसा गाव धावत आला. पाच-सहा बाया बादल्या घेऊन, एक बुढा नुसता काठी घेऊन. दार उघडलं त मी अन् दोस्त डोयातून पानी काढत बाहेर. आरशासमोर जे रडनं जमलं नवतं ते तिथी जमलं. सर्वायच्या समोर मोठी आई. दोन दिवसानं पयल्यांदा बोलली:

"घर जायतं का रे बाप्पा?"

"नाई वो. भिंत कायी करून रायलो."

"कायी?"

"हो."

तिनं बाजूच्या बाईकडं पाहलं. "पाह्य वो माय. लोकं गोरी करतात, हा कायी करते."

बाया हसल्या. मीबी हसलो असतो, पन खोकला येऊन रायला होता. ते माया जवळ बसली, पानी देल्लं अन् मंग इचारलं, "मले एक सांग. तुया त्या कथेतल्या बाईचा पोरगा शेवटी येनार हाय ना?"

"हाय."

"तिले मालूम हाय का तो येनार हाय म्हनून?"

"मालूम नाई. पन ते रोज वाट पायते."

"मंग रोज वाट पायते अन् भिंत अशी कायी ठेवते? कोनती माय ठेवन रे? पोरगा येईन, त्याच्यासंग चार मानसं येतीन. म्हनतीन, हिच्या हाताले काय झालं होतं?" मंग हळूच, "तू येनार होता म्हनून रंगवली मी. इतक्या दिवाळ्या नुसता चुलीले अन् ओट्याले मातीचा पोतारा मारला. भिंतीले ऑइलपेंट यंदाच आनला."

मी म्हनलं, "मोठ्या बाबाचा डाग बी गेला ना पन."

"डाग होता तो," ते म्हनली. "जिंदगीभर भांडली मी त्याच्यासंग त्या डागावरून. आता कुठं गेला."

मी मानसांची कथा सांगाले निंगालो होतो, अन् जिनं मले वाढवलं ते बाई पोराची वाट कशी पायते हे मले मालूम नवतं. मालूम कसं असन? ते वाट पाहे तवा मी तिथी राहोच नाई.

सांजीले बायकोले फोन लावला अन् सारं सांगतलं. म्हनलं, "कथा चुकली आपली. माय भिंत जपत नाई, रंगवते." ते म्हनली, "मी पयल्याच दिवशी म्हनलं होतं. तुमी तवा हेल्मेट घालून होते."

पन आता नवीन भानगड. रंगवतानाचा शॉट घ्याचा त भिंत कायी पायजे, अन् भिंत त रंगून बसली. मोठी आईच म्हनली, "मांगची खोली हाय ना. तिथलं रंगवाचं रायलंच हाय. हातबी दुखले अन् डब्बाबी थोडासाच उरला." मांगच्या खोलीत सरकीची ढेप, कांदे, जुनी बंडीची चाकं. दोस्तानं लाइट लावला. भिंत कायी होती, पयल्या भिंतीपेक्षाबी कायी. अन् कंबरेएवढ्या उंचीवर कोयशानं काढलेलं काहीतरी.

"हे काय बे? बैल?" दोस्त म्हनला.

मी वाकून पाहलं अन् मायी मलेच वयख पटली. "एस्टी हाय. मी काढली. शायेतून पयालो का मोठी आई मले इथीच कोंडे."

"एस्टीले तीन चाकं?"

"चौथं पलीकडून हाय."

"पलीकडून असन त इकून दोन दिसाले पायजे ना!"

म्हनून सातवी. आता समजलं असन तुमाले.

रंग थोडासाच, कायी भिंत एकच. म्हंजे शॉट एकच, दुसरा घेता येत नाई. ठरलं असं: मोठी आई भिंत रंगवन, पूरी झाली का मी नवा शर्ट घालून दारातून आत येईन, ते मायाकडं पाहीन, खलास. दोस्तानं मले दाराच्या मांगं उभं केलं अन् म्हनला, "भावा, तुया पाया पडतो. तोंड बंद. पाय बंद. मी हात केला का फक्त आत ये."

मी दोन्ही हात काखेत दाबले. पाय दुसऱ्या पायानं दाबून धरला. मोठी आईनं ब्रश बुडवला. वरून सुरू केलं. काय सांगू तुमाले, ते रंगवे तसं कोनी हात फिरवत नाई. पयले फडक्यानं जागा झटके, मंग रंग मारे, मंग मागं सरून पाहे, अन् पुटपुटे. वाट पायनं असंच दिसते, मले काय मालूम होतं. पोपटी खाली खाली येत गेलं. मी दाराच्या फटीतून पायत होतो. रंग एस्टीच्या टपापर्यंत आला. ब्रश बुडला, वर आला.

"अवो, ते एस्टी त राहू दे!"

माया आवाज. अख्ख्या खोलीत.

मोठी आईनं मांगं वयून बी पाहलं नाई. "चूप बस," म्हनली. "घरी यायचं नाव नाई, अन् मले सांगते." अन् ब्रश फिरवला. एकदा, दोनदा. तीन चाकाची एस्टी गेली. मंग ते राहिलेला कोपरा रंगवाले लागली, जसं काही झालंच नाई.

दोस्तानं हात केला. मी नाई गेलो आत. पायच उचलला नाई. जिंदगीभर जे पाय एका जागी थांबले नाई ते नेमके तवा थांबले. तो हात हालवत रायला, मी उभा. रंग सरला, भिंत सरली, शॉट सरला. दोस्त बाहेर आला अन् वायर गुंडायाले लागला, तवा मले समजलं का सिनेमा गेला.

माघात दोस्त दुकानावर बसला. दुकान बंद झालं का त्याच्या घरी, हाय त्याच शॉटचं एडिटिंग. मी एक दिवसाआड अकोल्याले जाओ, खुर्ची असूनबी उभा राहो. एक दिवस त्यानं तो शॉट शेवटी लावला, माया आवाजासकट, अन् तिथीच पडदा काया केला. पोरगा येतच नाई. नुसता आवाज येते, माय त्याले चूप बसवते अन् भिंत पूरी करते. मी म्हनलं, "अबे, मी कुठं हाय याच्यात?" तो म्हनला, "नाई हाय ना, म्हनूनच बरा झाला." बायकोनं पाहला अन् तेबी तेच म्हनली. नवा शर्ट मी आता लगनात घालतो.

पयला खेय अकोल्यातच ठेवला, एका छोट्या हॉलात. खुर्च्या जास्त, मानसं कमी. मोठी आई पयल्या रांगेत, शाल घेऊन. सिनेमा सुरू झाला अन् मी बाहेर चपलांजवळ येऊन उभा रायलो. आत बसवेना. दाराच्या आडून माया आवाज आला, "राहू दे," अन् तिचा आला, "चूप बस." मंग बराच येळ काहीच नाई. मले वाटलं लोकं उठून गेले. आत डोकावलं त सारे बसून होते, अन् पडदा काया झालेला.

नंतर एक शिकलेले गृहस्थ उभे राहिले. म्हनले, "मुलाला पडद्यावर न आणता केवळ आवाजातून ठेवायचं, हे तुम्हाला कसं सुचलं?"

मी घसा साफ केला. म्हनलं, "सर, त्याच्यावर लय इचार केला."

"कायचा आला इचार," मोठी आई खुर्चीतूनच म्हनली. "त्याले चूप बसताच येत नाई."

सारा हॉल हसला. सिनेमाच्या पोस्टरवर लेखक-दिग्दर्शक म्हनून मायं नाव होतं, अन् तिथल्या एकाही मानसाले आता शंका नवती का सिनेमा कोनी केला.

तिले एस्टीत बसवाले स्टँडवर गेलो. खिडकीची जागा भेटली. ते खिडकीतून म्हनली, "सैपाकघर रायलं हाय रंगवाचं. हात पोचत नाई माया आता वर. दिवाळीले ये."

"येतो ना," मी म्हनलं, अन् सवयीनं मनातल्या मनात मुहूर्त चाळले. दिवाळीत लगनं नसतात. न यायचं कारनच सापडेना.

तिनं माया पायाकडं पाहलं. मीबी पाहलं. हालून रायला होता.